तिसऱ्या वेळी मरणारा फ्यूज

विमलमावशींच्या दोन्ही भुवया जळाल्या होत्या आणि त्या हसत होत्या.

"बघ की पद्मा, आरशात मीच मला ओळखेना," त्या म्हणाल्या. उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज, मांडीवर उशी आणि उशीवर तो हात, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला घेतल्यागत. दवाखान्याच्या खिडकीबाहेर कोल्हापूरचा मे महिना नुसता भाजत होता.

पद्मजा मगदूमला हसू आलं नाही. विमल खोत म्हणजे तिच्या आईची हुपरीतली मैत्रीण, आता कोल्हापुरातच एका सोसायटीत राहणारी. आई गेली तेव्हा पद्मजाला आणि तिच्या धाकट्या भावाला, भरतेशला, याच बाईनं कितीतरी दिवस जेवू घातलं होतं. आणि काल ज्या फ्यूजनं त्यांच्या घरात स्फोट केला, तो पद्मजाच्याच डोक्यातून निघालेला होता. 'अक्षय' त्याचं नाव. उडाला तरी आपोआप बरा होणारा फ्यूज. आज अर्ध्या कोल्हापुरात तोच आहे.

"काय झालं ते पहिल्यापासून सांगा, मावशी."

"पहिल्यापासून काय, घरघंटी लावली. गॅलरीत असते ती, फ्यूजच्या पेटीखालीच. फटकन आवाज झाला, लाइट गेली. म्हटलं जाऊ दे, पद्माचा फ्यूज आहे, होईल बरा. पंधरा मिनिटांत आली की लाइट. परत घंटी लावली, परत गेली. परत आली. पूर्वीचे दिवस असते तर वायरमनला बोलावलं असतं. पण आता फ्यूज बरा होतोय म्हटल्यावर कशाला कुणाच्या पाया पडायचं? बाजरीचं पीठ पाहिजे होतं गं."

"अशी किती वेळा लावलीत?"

"चार? पाच? काय मोजतंय कोण. शेवटच्या वेळी मात्र लाइट गेलीच नाही. नुसता उजेड झाला. एवढा उजेड मी जन्मात बघितला नाही. आणि मग पेटीच अंगावर आली."

चौथ्या-पाचव्या वेळेचा प्रश्नच यायला नको होता. तिसऱ्या वेळी तो फ्यूज कायमचा मरायला हवा होता. तिनं तो तसाच बनवला होता.

आता हे नीट सांगायला पाहिजे, कारण फ्यूज म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे असं आपल्याला उगीचच वाटत असतं. फ्यूजवर दोन आकडे असतात. पहिला सगळे वाचतात: बत्तीस अँपिअर. एवढा प्रवाह तो निमूट वाहील, त्याच्या वर गेला की वितळेल. दुसरा आकडा बारीक अक्षरांत असतो, हजारांत असतो, आणि तो दुकानदारसुद्धा वाचत नाही. शॉर्ट झाल्यावर एका दणक्यात विजेचा जो लोंढा येतो, त्यातला केवढा लोंढा हा फ्यूज स्वतः न फुटता तोडू शकेल ते तो सांगतो. वाहण्याची ताकद वेगळी आणि तोडण्याची वेगळी. कारण तार वितळली म्हणून वीज थांबत नाही. ती तुटलेल्या जागेवरून उडी मारते, मध्ये ज्योत पेटते, धातूची वाफ करणारी, आणि त्या ज्योतीतून प्रवाह चालूच राहतो. ती विझवायला चांगल्या फ्यूजमध्ये बारीक वाळू ठासलेली असते. वाळू ती उष्णता पिते, वितळते, तिची काच होते आणि ज्योत मरते. वाळू नसेल तर फ्यूजचाच बॉम्ब होतो.

पूर्वी याचा घोर कुणाला नव्हता. ट्रान्सफॉर्मर लांब रस्त्यावर असायचा, घरापर्यंत येईतो लोंढ्याची धार कमी झालेली असायची. पण मग गच्चीगच्चीवर सौर पॅनेल आली आणि प्रत्येक सोसायटीच्या तळघरात खोलीएवढी सामाईक बॅटरी येऊन बसली. लोंढा दोन जिन्यांच्या अंतरावर आला. त्यातून बॅटरीची वीज डीसी. एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, तेवढ्यात ज्योतीला विझायची सवड मिळते. डीसी दमच घेत नाही. जुने फ्यूज फटाक्यासारखे फुटायला लागले, आणि पद्मजाचं नशीब उघडलं ते तेव्हा.

तिनं चांदीच्या पट्टीऐवजी चिनीमातीच्या बारीक नळीत पाऱ्यासारखा पातळ मिश्रधातू भरला. लोंढा आला की त्याची वाफ होते, वीज तुटते. निवला की तो आपोआप नळीत परत येतो आणि घर पुन्हा उजळतं. फक्त एक गोम होती. प्रत्येक मोठ्या शॉर्टला नळीभोवतालच्या वाळूचा एक थर काच होऊन बसतो, आणि काच काही परत वाळू होत नाही. तीन मोठे दणके बसले की वाळू संपली. वर आकडा तोच, बत्तीस अँपिअर, आणि आत तोडण्याची ताकद शून्य. म्हणून पद्मजानं टोपणात एक छोटी खिट्टी बसवली होती. तिसऱ्या दणक्याला ती खाली पडायची, नळीचं तोंड बंद व्हायचं आणि फ्यूज कायमचा मरायचा. मग घरमालकानं वायरमनला बोलवायचं, दोष शोधायचा, नवा फ्यूज घालायचा.

ही खिट्टी पुण्याच्या मोठ्या गिऱ्हाईक कंपनीला सुरुवातीपासून खुपत होती. नाव अक्षय आणि तिसऱ्यांदा मरतो, हे विकायचं कसं? तेव्हा भरतेश पुण्याला जाऊन आला. कारखान्याचा विक्रीचा भाग त्याच्याकडे होता, जिभेवर साखर होती. "पटवलं मी त्यांना, अक्का," तो म्हणाला, "खिट्टी राहिली." त्या दिवशी भावाच्या अभिमानानं पद्मजानं गल्लीत पेढे वाटले होते.

दवाखान्यातून ती तडक उद्यमनगरातल्या कारखान्यात आली. पिशवीत विमलमावशींच्या पेटीतून काढलेला फ्यूज होता, म्हणजे त्याचं जे काही उरलं होतं ते. रविवार असल्यानं यंत्रं बंद होती. तिनं माळ्यावरून बापूंची पितळी परात काढली.

बापू, म्हणजे तिचे वडील, मूळचे हुपरीचे, पैंजणांचे कारागीर. चांदीला मंदी आली तेव्हा ते कोल्हापुरात येऊन फ्यूजच्या चांदीच्या पट्ट्या कापायला लागले. मोठ्या फ्यूजमध्ये चांदीच लागते. त्यांचा एक नेम होता. परत आलेला प्रत्येक फ्यूज आरीनं कापायचा आणि आतली वाळू परातीत ओतायची. मोकळी वाळू पडली तर साधा ओव्हरलोड, काचेचा खडा पडला तर शॉर्ट. "फ्यूज खोटं बोलत नाही, माणसं बोलतात," असं म्हणून ते तो खडा गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचे. पद्मजानं धातुशास्त्राची पदवी घेतली, पुण्यातली नोकरी सोडून ती परत आली, पण परात काही सुटली नाही. मात्र गेली दोन-तीन वर्षं परात माळ्यावरच होती, कारण अक्षय फ्यूज परतच येत नव्हते. तिला वाटायचं, काय माल बनवलाय आपण.

तिनं आरी चालवली आणि फ्यूज परातीवर उलटा केला. वाळूचा एक कण पडला नाही. काचेची अख्खी कांडी ठणकन पडली.

तिनं टोपण उचललं आणि भिंगाखाली धरलं. खिट्टी नव्हती. खिट्टीचं भोकही नव्हतं. ती कितीतरी वेळ बघत राहिली, आणि मग तिला ते दिसलं: भोकाच्या जागी धातूचा रंग किंचित उजळ होता. भोक वितळवलेल्या चांदीच्या झाळेनं भरून, कानसून, पॉलिश करून टाकलं होतं. कुठल्याही कारखान्यानं तिथं पितळेचं बूच ठोकून दिलं असतं, एका हातोडीचं काम. धातू नीट जुळावा म्हणून टाकणखार लावून, फुंकणीनं जाळ धरून, चांदीची झाळ देऊन वर ती दिसू नये म्हणून एवढं मरमर मरायचं, हे हुपरीचं काम. बापू म्हणायचे, झाळ दिसली की हात फसला. बापूंच्या माघारी या कारखान्यात तो हात दोघांचाच होता, तिचा आणि भरतेशचा. आणि त्यातला एक तिनंच शिकवलेला होता.

तिनं टोपण परातीच्या कडेला ठेवलं.

मग तिनं गोदामातले नवे फ्यूज फोडले, एकामागून एक. त्यांच्या टोपणांना भोकंच नव्हती. सरळ बिनभोकाची ओतून आलेली. म्हणजे पहिल्या खेपेची तयार टोपणं त्यानं स्वतः बसून झाळली होती, कामगार नसताना, बहुतेक अशाच एखाद्या रविवारी. पुढच्या खेपांना साचाच बदलला. तपासणीला गेलेले नमुने खिट्टीचे, बाजारात गेलेला माल बिनखिट्टीचा. आणि प्रत्येक खोक्यावर छापलेली सही पद्मजाची.

तरीही माणसाचं मन बघा कसं असतं. ती भावाची वकिली करायला लागली. भरतला काय कळतंय वाळूतलं, कॉमर्स शिकलेला पोरगा. त्याला वाटलं असेल, अक्का उगीच घाबरते. कंपनीनं सांगितलं असेल धोका नाही, यानं विश्वास ठेवला असेल. मूर्खपणा असेल. मूर्खपणा माफ करता येतो.

हे ठरवायला एक उपाय होता. तिचं घर शाहूपुरीत, दहा मिनिटांवर. तिथला फ्यूज भरतेशनंच स्वतःच्या हातानं बसवला होता, त्याच पहिल्या खेपेतला. ती गेली, मेन बंद केला, फ्यूज काढून घेऊन आली. आरी लावताना तिच्या तोंडून चक्क शब्द फुटले: "बिनखिट्टीचा निघू दे रे देवा." तिच्या घरातही तोच धोक्याचा फ्यूज असेल तर भाऊ वेडा होता, अडाणी होता, पण तिच्याबरोबर एका होडीत होता.

परातीत पांढरीशुभ्र वाळू सरसर ओतली गेली. आणि तिच्यामागून टण् करून खिट्टी पडली.

आयुष्यात चांगली वाळू बघून तिला पहिल्यांदाच रडू आलं. ती हुंदके देऊन रडली, कारण ऐकायला कुणी नव्हतं.

उन्हं उतरल्यावर भरतेश आला. तिनंच बोलावलं होतं. "मावशीकडं जाऊन आलो," तो दारातूनच म्हणाला. "सफरचंदं दिली. म्हटलं, बिल आपण भरू सगळं. जेवलीस का तू? डोळे असे का..." मग त्याला परात दिसली आणि तो थांबला.

"बस," पद्मजा म्हणाली.

तो बसला. तिनं टोपण त्याच्यापुढं सरकवलं. त्यानं ते उचललं, उजेडाकडे फिरवलं आणि नकळत अंगठा त्या जागेवरून फिरवला, बापू फिरवायचे तसा. "दिसत नाही ना?" तो म्हणाला. कारागीर बोलून गेला आणि मग माणूस शरमला.

"पितळेचं बूच ठोकलं असतंस तर मी म्हटलं असतं कंपनीनं परस्पर केलं."

"अक्का, ऐक. तू त्या बैठकांना नव्हतीस. ते सरळ म्हणाले, खिट्टी ठेवलीत तर ऑर्डर दुसरीकडं. कारखाना बंद पडला असता. बापूंचा कारखाना. एवढी माणसं घरी बसली असती."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू ऐकली असतीस?"

"नाही."

"मग." त्यानं हात पसरले. "आणि एवढे मोठे शॉर्ट होतात कुठं गं? एखाद्याच्या घरी एखादा. मला खरंच वाटलं धोका नाही. तुझी शपथ, अक्का. मला तुझ्याएवढं कळत नाही यातलं."

पद्मजानं मूठ उघडली. खिट्टी तळहातावर होती, तांदळाच्या दाण्याएवढी.

"ही कुठली?" त्यानं विचारलं, पण त्याचा चेहरा आधीच उतरला होता.

"माझ्या घरची. दुपारी काढली. तुझ्या घरची काढायला गेले नाही, तिथंही असणार. धोका नाही म्हणतोस, मग या दोन घरांत खिट्टी का ठेवलीस, भरत?"

भरतेशनं हातातलं टोपण परत परातीत ठेवलं.

"तुला काही होऊ नये म्हणून," तो हळू आवाजात म्हणाला.

"आणि विमलमावशींना झालं तर चालेल म्हणून. तिच्या हातचं खाऊन मोठा झालास तू. ताटात वाढलेलं बाईनं कधी मोजलं नाही. पहिल्या खेपेतला फ्यूज तिच्या घरी बसवताना तुझा हात थरथरला नाही?"

"थरथरला," तो म्हणाला. "खोटं सांगत नाही. थरथरला होता."

हे ऐकून तिला त्याची कीव येईल असं त्याला वाटलं असेल. कीव आली नाही. हात थरथरला होता आणि त्यानं तरीही स्क्रू आवळले होते.

तिनं फोन उचलला. वीज वितरणाच्या सुरक्षा विभागातले इनामदार तिला चाचण्यांच्या वेळेपासून ओळखत होते. तिनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं आणि म्हणाली, "सगळ्या सोसायट्यांच्या बॅटऱ्या बंद करा. बॅटरी तुटली की लोंढा पूर्वीसारखा लहान होतो. तेवढा तोडायला बहुतेकांत अजून वाळू आहे. पण कुठल्या घरात किती उरलीय हे मलाही सांगता येणार नाही."

"पद्मजाताई, मे महिना आहे," इनामदार म्हणाले. "संध्याकाळचा सगळा भार बॅटऱ्यांवर असतो. निम्म्या शहराला अंधारात बसवू? लोक मला फाडून खातील."

"काल एक बाई भाजलीय, साहेब. आज रात्रीच्या स्वयंपाकाला आणखी कोणी घरघंटी परत परत लावेल. फ्यूज बरा होतो हे आम्हीच शिकवलंय त्यांना."

पलीकडून इनामदारांनी कुणाला तरी हाक मारून बॅटऱ्यांची यादी मागवली. "तासभर माझ्या अखत्यारीत बंद करतो. पुढं चालू ठेवायचं तर लेखी पाहिजे, आत्ताच. काय केलं, कुणी केलं, नावानिशी. आणि ताई, सही तुमची आहे. तुमच्यावरही येईल."

"येऊ दे."

तिनं फोन ठेवला, कोरा कागद ओढला आणि लिहायला लागली. भरतेश उठून तिच्या खुर्चीजवळ आला. त्याच्या आवाजातली विक्रीची साखर गेली होती; आता तो तोच होता, आई गेल्यावर तिच्या पदराला धरून हिंडणारा.

"अक्का, नाव नको. ओतकामात चूक झाली म्हण. साचा चुकला म्हण. दोघंही सुटू. मी तुझ्या पाया पडतो."

खरं सांगायचं तर तिला मोह झाला नाही असं नाही. झाला. एक ओळ बदलली की भाऊ वाचत होता, कारखाना वाचत होता, तिची सहीसुद्धा धुऊन निघत होती. पण साचा चुकला म्हटलं की कंपनी एक खेप परत घेणार, आठवड्यानं बॅटऱ्या चालू होणार, आणि उरलेले फ्यूज भिंतींमध्ये तसेच राहणार, शांतपणे बरे होत. शिवाय चूक झाली नव्हती. चूक असती तर आज दुपारी परातीत खिट्टी पडली नसती.

"सरक, उजेड अडतोय," ती म्हणाली.

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा मंदावला, दिवा विझला आणि सगळं उद्यमनगर एकदम गप्प झालं. मग शेजारच्या चाळीतून ओरडा उठला, कुणीतरी वीज कंपनीच्या आईवरून उद्धार केला, खिडक्या धडाधड उघडल्या गेल्या. इनामदारांनी शब्द पाळला होता. कागदावरचं तिला काही दिसेना.

आणि त्या काळोखात भरतेशनं खिशातून मोबाइल काढला, टॉर्च लावला आणि तिच्या खांद्यावरून कागदावर धरला.

त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हात आपसूक गेला. हुपरीच्या घरात लाइट गेली की पद्मजा स्टुलावर चढून फ्यूजची तार बांधायची आणि हा खाली उभा राहून टॉर्च धरायचा, दोन्ही हातांनी, जिथं तिची बोटं असतील नेमकं तिथं. त्याला अंधाराची भीती वाटायची, पण उजेड कधी चुकला नाही. आताही चुकला नाही. तिची लेखणी जिथं होती तिथंच तो गोल पडला होता.

तिनं वर बघितलं नाही. त्या उजेडात तिनं काय केलं गेलं ते लिहिलं, कधी केलं गेलं ते लिहिलं, आणि मग नवी ओळ सुरू केली: 'हे काम माझा सख्खा भाऊ भरतेश बाबगोंडा मगदूम याने'. नावाशी आल्यावर उजेड हलला. कागदभर थरथरला, अक्षरं एकमेकांत गेली.

लहानपणी ती स्टुलावरून ज्या सुरात म्हणायची, त्याच सुरात पद्मजा म्हणाली, "नीट धर. हलवू नकोस."

त्यानं दुसरा हात लावला. उजेड स्थिर झाला, आणि ती पुढं लिहायला लागली.